गोंद सर्वांत शेवटी

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्यांना रेषा, आकार, रंग, छटा, पोत, अवकाश, तोल, लय हे शब्द पाठ असतात. तरीही प्रदर्शनात शेजारी उभं असलेलं कुणी ‘या चित्राचा तोल जरा डावीकडे गेलाय’ म्हणालं की आपण मान डोलावतो, आणि नेमकं काय गेलंय ते मात्र दिसत नाही. शिकताना आपलं सगळं लक्ष हाताकडे होतं. तांब्याच्या दोन्ही कडा सारख्या आल्या का, पोस्टर कलर वाळल्यावर चट्टे पडले का, घड्याळात किती वाजले. हात सांभाळता सांभाळता डोळ्याला शिकायला सवडच मिळाली नाही.

कोलाजमध्ये, म्हणजे कागदाचे-कापडाचे तुकडे चिकटवून केलेल्या चित्रात, हाताचं काम जवळपास संपतं. कात्री चालवता आली की पुरे. चित्र कुणीतरी आधीच छापून ठेवलंय, रंग तयार आहे, पोत तयार आहे. उरतात ते फक्त निर्णय: काय घ्यायचं, किती कापायचं, कुठे ठेवायचं, कशाला लागून ठेवायचं. चित्रकलेतल्या त्या सगळ्या अवघड शब्दांचा संबंध याच निर्णयांशी आहे. शिवाय हे निर्णय फिरवायला काही खर्च येत नाही. जलरंगात चुकीच्या जागी पडलेला गडद डाग हलवता येत नाही. कागदाचा तुकडा बोटाने दोन इंच सरकवला की चित्र बदललं. बाकी सगळं तसंच राहून एकच गोष्ट बदलली, त्यामुळे तिने काय फरक पडतो ते उघड दिसतं. म्हणून नियम एकच: गोंदाची बाटली कपाटात ठेवा. ती लागेल, पण अगदी शेवटी.

मोबाइलमध्ये चौकटी पाडून वाढदिवसाचे नऊ फोटो बसवतात, त्याबद्दल मी बोलत नाहीये. तिथे निर्णय ॲपने घेतलेले असतात. ‘व्हिजन बोर्ड’बद्दलही नाही, त्यात बंगला, गाडी आणि समुद्रकिनारा यांची यादी असते, चित्र नसतं.

एक मेणकापड, एक दोरी

१९१२ साली पॅरिसमध्ये पाब्लो पिकासोने एक छोटं स्थिरचित्र केलं. लंबगोल, साधारण २९ बाय ३७ सेंटीमीटरचं. कॅफेतल्या टेबलावरचं नेहमीचं सामान आहे: पेला, लिंबाची फोड, वर्तमानपत्राच्या नावातली तीन अक्षरं. हे सगळं रंगवलेलं. पण खालच्या भागात खुर्चीची वेताने विणलेली बैठक दिसते, ती त्याने रंगवली नाही. तशी नक्षी छापलेलं मेणकापड आणून चिकटवलं. आणि चित्राभोवती चौकटीऐवजी जाड दोरी गुंडाळली.

आता यात खरं किती आणि खोटं किती ते मोजायला घ्या. पेला खोटा, कारण तो नुसता रंग आहे. वेत त्याहून खरा दिसतो, पण तोही खोटाच, यंत्राने छापलेला. मेणकापड मात्र खरंखुरं मेणकापड आहे. दोरी तर शंभर टक्के खरी, पण चित्रात ती कशाचं काम करते? फ्रेमच्या नक्षीचं की टेबलाच्या कडेचं? उत्तर ठरत नाही. एकच तुकडा वस्तू म्हणूनही हजर असतो आणि चित्र म्हणूनही, आणि डोळा दोन्हींत ये-जा करत राहतो.

त्याच वर्षी सप्टेंबरात पिकासोचा चित्रकार मित्र जॉर्ज ब्राक याला फ्रान्समधल्या अव्हिन्यों गावच्या एका दुकानात ओक लाकडासारखा छापलेला वॉलपेपर दिसला. ब्राक घरं रंगवणाऱ्या रंगाऱ्यांच्या कुटुंबातला. भिंतीवर फणीने खोट्या लाकडाच्या रेषा ओढायचं कसब त्याच्या हातात होतं. तरीही त्याने छापील कागद विकत घेतला, पट्ट्या कापून चिकटवल्या आणि त्यांच्या आजूबाजूने, वरून कोळशाने फळांची थाळी आणि पेला काढला. यातून रंग आणि रेषा एकमेकींपासून सुटल्या. तपकिरी रंग कागदाचा, तो आपल्या जागी थांबला. रेषा कोळशाची, ती आपल्या वाटेने गेली. रंग रेषेबाहेर जाता कामा नये, हे आपल्याला बालवाडीपासून बजावलेलं असतं. ब्राकचा रंग सरळ बाहेर गेला आणि चित्राचं काहीही बिघडलं नाही.

पुस्तकांत कोलाजची गोष्ट बहुधा इथून सुरू होते. मला ती अपुरी वाटते. इंग्लंडमध्ये मेरी डिलेनी नावाच्या बाईंनी १७७० च्या दशकात, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, रंगीत कागदाचे बारीक तुकडे काळ्या पार्श्वभूमीवर चिकटवून फुलं करायला घेतली आणि हजाराच्या जवळपास केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

आपल्याकडचं उदाहरण तर पिकासोच्या चित्राला थेट जाऊन भिडतं. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या छापील तसबिरी घरोघर पोचल्या. मग घरातल्या बायकांनी त्या तसबिरींवर सुई चालवली. देवीच्या छापील साडीवर खरं कापड बसवलं, छापील जरीवर खरी जर, छापील दागिन्यांवर मणी आणि टिकल्या शिवल्या. राजस्थानातल्या नाथद्वाऱ्याचे चित्रकार याच तसबिरींमधल्या आकृत्या कापून हाताने रंगवलेल्या देखाव्यांवर चिकटवत. पिकासोने चित्रात खोटा वेत आणला. या बायकांनी चित्रातल्या खोट्या जरीवर खरी जर चढवली. प्रश्न तोच, दिशा उलटी. चेहरा आणि हात मात्र त्या छापीलच ठेवत. त्यामुळे त्वचा गुळगुळीत, सपाट, आणि साडी उठावदार, हाताला लागणारी. पोत म्हणजे काय, हे अशी एखादी जुनी तसबीर जवळून पाहिल्यावर जितकं कळतं तितकं व्याख्येने कळत नाही.

विषय स्वतःचा, पण ‘मी’ नको

स्वतःचं कोलाज करायचं म्हटलं की माणसं आपले फोटो काढून बसतात. मी म्हणेन, फोटो राहू द्या. ‘मी कोण’ हा विषय फार मोठा आहे आणि त्यावर चित्रं सुचतात तीही मोठी आणि गुळगुळीत: डोंगर, सूर्योदय, पक्षी. त्यापेक्षा एक जागा घ्या. जिना, गॅलरी, दुकानाचा गल्ला, काहीही. मी इथे उदाहरणाला स्वयंपाकघर घेतो, कारण त्याचं सामान प्रत्येकाकडे आहे.

चहाच्या पुड्याचं लाल वेष्टन. रव्याची पिवळी पिशवी. वाण्याची यादी, त्यातलं ‘शेंगदाणे अर्धा किलो’ खोडून केलेलं पाव किलो. मसाल्याच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा, आतल्या करड्या बाजूसकट. आईच्या अक्षरातली लोणच्याची कृती. ही मात्र झेरॉक्स करून घ्या, मूळ कागदाला कात्री लावू नका. जुने फोटो, पत्रं, मोडीतले कागद यांचंही तसंच. गेल्या वर्षीचं कालनिर्णय तर खजिनाच आहे. त्यावर लाल-काळे आकडे आहेतच, पण त्याहून मोलाच्या आहेत दूध आलं नाही त्या दिवसांवर मारलेल्या फुल्या, सिलिंडर लावल्याची तारीख, कुणाचा तरी अर्धवट लिहिलेला फोन नंबर. या खुणा जगात दुसऱ्या कुठल्याच कॅलेंडरवर नाहीत.

म्हणजे वैयक्तिक असायला वस्तू आपलीच हवी का? तसंही नाही. रोमेर बेअर्डन हा अमेरिकेतला कृष्णवर्णीय चित्रकार १९६० च्या दशकात कोलाजकडे वळला. नॉर्थ कॅरोलायनातलं बालपण आणि न्यूयॉर्कमधलं हार्लेम त्याने मासिकांतून कापलेल्या अनोळखी माणसांच्या चेहऱ्यांतून, हातांतून उभं केलं. १९७१ चं त्याचं ‘द ब्लॉक’ सहा फलकांचं, अठरा फूट लांब आहे: हार्लेममधली घरांची एक रांग, दुकानं, खिडक्या, खिडक्यांतून दिसणारे संसार. चेहरे परक्यांचे, तुकडे मासिकांचे, आणि गल्ली पूर्णपणे त्याची. कारण कुठला डोळा कुठल्या कपाळाखाली बसवायचा आणि कुठली खिडकी उघडी ठेवायची, हे त्याने ठरवलं. मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीत १९६५ साली भूपेन खक्कर यांनी देवादिकांच्या बाजारू तसबिरींचे तुकडे चिकटवलेली चित्रं लावली होती. त्या तसबिरी तर कुणाच्याही घरी असतील अशा होत्या. तेव्हा आईच्या अक्षराची झेरॉक्स लावली म्हणून कोलाज आपोआप तुमचं होत नाही. ती झेरॉक्स कुठे अर्धी झाकली आणि कुठे उघडी सोडली, तिथून ते तुमचं व्हायला लागतं.

कापताना काय घडतं

काळ्या कागदातून किटलीचा आकार कापा. कापून झाल्यावर हातात दोन किटल्या असतात: एक सुटी, काळी, दुसरी उरलेल्या कागदातलं किटलीच्या आकाराचं भोक. बहुतेक जण भोकाचा कागद कचऱ्यात टाकतात. टाकू नका. पांढऱ्या बोर्डावर दोन्ही शेजारी ठेवा. पहिल्यात काळी वस्तू आणि पांढरा अवकाश, दुसऱ्यात पांढरी वस्तू आणि काळा अवकाश. आकाराभोवतीची मोकळी जागा रिकामी नसते, तिलाही आकार असतो, हे वाक्य चित्रकलेच्या वर्गात अनेकदा ऐकलेलं असतं. इथे तो आकार चिमटीत धरता येतो. मग किटलीचा तुकडा बोर्डाच्या कडेला असा सरकवा की तिची चोच बाहेर जाईल. आता किटली आणि कड यांच्यामध्ये जी पांढरी जागा अडकली, तिच्याकडे पाहत हळूहळू तुकडा हलवा. किटलीकडे पाहायचं नाही. पहिल्यांदा हे जमायला वेळ लागतो आणि जमल्यावर प्रत्येक चित्रात तेच दिसायला लागतं.

आंरी मातीस या फ्रेंच चित्रकाराने शेवटच्या वर्षांत हेच केलं. १९४१ मधल्या पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर त्याला फार वेळ उभं राहता येत नसे. सहायक कागदांवर सपाट रंग देऊन ठेवत आणि तो कात्रीने थेट आकार कापत असे, मग ते तुकडे भिंतीवर टाचण्यांनी लावून पुन्हा पुन्हा हलवायला सांगत असे. १९५३ चं ‘द स्नेल’ जवळपास तीन मीटर बाय तीन मीटर आहे: रंगीत कागदाचे ओबडधोबड चौकोन गोगलगाईच्या शंखासारखे गोल फिरत गेलेले. गोंद तिथेही शेवटीच.

पण आकार म्हणजे काय, हे मला सर्वांत जास्त बिनोदबिहारी मुखर्जींच्या कागदकामातून कळलं. शांतिनिकेतनातले हे चित्रकार. दृष्टी जन्मापासून अधू, आणि १९५६-५७ च्या सुमारास शस्त्रक्रियेनंतर ती पूर्ण गेली. त्यानंतर त्यांनी रंगीत कागद कापून चित्रं केली. माणसं, बसलेल्या बायका, प्राणी. त्यातल्या आकृत्या अतिशय साध्या आहेत, पण एकही ढिली नाही. पाठीचा बाक एका वळणात येतो. डोळस माणूस कापताना चित्रातल्या तपशिलात रमतो, नाक-डोळे-बोटं कापत बसतो. त्यांना कडेचाच आधार होता, बोटाखालून जाणारी कागदाची कड. १९७२ मध्ये शांतिनिकेतनच्या कलाभवनाच्या भिंतीवर त्यांनी कागदातून बेतलेल्या आकृत्यांचं रंगीत फरश्यांचं भित्तिचित्र केलं, आणि त्याच वर्षी सत्यजित राय यांनी त्यांच्यावर माहितीपट काढला. घरी करून पाहण्यासारखी गोष्ट: डोळे मिटून, बोथट कात्रीने, स्वयंपाकघरातली एक वस्तू कापा. कढई, उलथणं, पोळपाट. जे ओळखू येईल ते त्या वस्तूच्या आकाराचं मर्म. जे गेलं ते बहुधा फारसं गरजेचं नव्हतं.

कात्री हे एकच हत्यार नाही. फाडलेल्या कागदाची कड निराळी असते. छापील जाड कागद फाडला की दोन तुकड्यांपैकी एकाला पांढरी, तंतूदार किनार येते आणि दुसऱ्याला येत नाही. ओढायची दिशा बदलली की किनारीची बाजू बदलते. वर्तमानपत्र उभं फाडलं तर सरळ फाटतं, आडवं फाडलं तर वेडंवाकडं, कारण कागदाचे तंतू एका दिशेने बसलेले असतात. कापलेली कड ही टाक ओढल्यासारखी घट्ट रेषा. फाडलेली कड श्वास घेणारी. दोन्ही एकाच चित्रात आल्या की कुठे घट्ट आणि कुठे सैल, हा निर्णय आला. रेषेचा विषय याहून फार वेगळा नाही.

लाल किती लाल

जोसेफ अल्बर्स हा अमेरिकेत येल विद्यापीठात शिकवणारा जर्मन चित्रकार. त्याचं रंगांवरचं पुस्तक १९६३ मध्ये आलं. रंग शिकवताना तो विद्यार्थ्यांना रंगाच्या ट्यूब बाजूला ठेवून रंगीत कागद वापरायला लावत असे. कारण व्यवहारी होतं: ब्रशने तोच लाल दोनदा बनवणं कठीण, कागद मात्र त्याच तावातून कापला की हुबेहूब तोच. आणि रंग ‘तोच’ असल्याची खात्री असेल तरच तो बदलून दिसण्यातली मजा कळते.

चहाच्या वेष्टनातून सारख्या आकाराचे दोन लाल चौकोन कापा. एक रव्याच्या पिवळ्या पिशवीवर ठेवा, दुसरा गडद निळ्या कागदावर. पिवळ्यावरचा लाल गडद आणि जरा दबलेला वाटेल, निळ्यावरचा पेटल्यासारखा. दोन्ही एकाच पुड्याचे आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. तरी डोळा ऐकणार नाही. करडा तुकडा घेतला तर फरक याहून ठळक दिसतो: काळ्यावर उजळ, पांढऱ्यावर मळका.

या प्रकाराचा छडा एका तक्रारीतून लागला होता. पॅरिसच्या गोब्लँ या गालिचे-पडदे विणणाऱ्या कारखान्यात मिशेल शेव्ह्रल हा रसायनशास्त्रज्ञ रंगशाळेचा प्रमुख होता. काळा धागा फिका पडतो, अशी विणकरांची तक्रार आली. त्याने तपासलं तर रंगात खोट नव्हती. निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी बसल्यावर काळा उतरलेला दिसत होता. रसायनाचा प्रश्न नव्हताच, शेजाराचा होता. त्यावरचं त्याचं पुस्तक १८३९ मध्ये निघालं आणि पुढे चित्रकारांनी ते उचलून धरलं.

रंगाबरोबर छटेचा घोळ नेहमी होतो. रंग म्हणजे लाल-हिरवा. छटा म्हणजे तो किती गडद, किती उजळ. लाल आणि हिरवा एकमेकांविरुद्ध ओरडतात म्हणून आपण समजतो की चित्रात विरोध आला. मांडलेल्या तुकड्यांचा मोबाइलने फोटो काढा आणि कृष्णधवल करा. लाल वेष्टन आणि कोथिंबिरीचा हिरवा फोटो बरेचदा एकाच राखाडीत विरघळून जातात, आणि चित्र सपाट, झोपलेलं दिसतं. रव्याची पिशवी तेवढी उजळ राहते. मग एखादा काळा तुकडा आणा, जळक्या तव्याचा फोटो, कॅलेंडरवरचा जाड काळा आकडा, आणि पुन्हा फोटो काढा. मोबाइल हाताशी नसेल तर डोळे बारीक करून पाहिलं तरी भागतं. जुने ड्रॉइंग मास्तर तेच सांगत.

तोल, आणि मोठं कोण

तोल म्हटलं की दोन्ही बाजू सारख्या, असं डोक्यात बसलेलं असतं. ठिपक्यांच्या रांगोळीत, तोरणात ते असतंच आणि तिथे ते शोभतं. पण डावीकडे मोठा, फिका तुकडा आणि उजवीकडे कडेला छोटासा गडद तुकडा, यानेही चित्र तोलून धरलं जातं. बाजारातल्या तराजूत एका पारड्यात पालेभाजीचा ढीग आणि दुसऱ्यात छोटं लोखंडी वजन असतं, तसंच. चित्रात जड काय असतं? गडद जड. तीव्र रंग जड. माणसाचा चेहरा फार जड, त्यातही डोळे. अक्षरं जड. कडेजवळची वस्तू मध्यातल्या वस्तूपेक्षा जड. हे सगळं पाठ करायची गरज नाही. मांडणी झाली की बोर्ड उलटा फिरवून पाहा. वस्तू ओळखू येईनाशा होतात, वजनं तेवढी उरतात, आणि कुठली बाजू कलंडते आहे ते लगेच समजतं.

योगायोगावर सोडून दिलं तर? १९१६-१७ च्या सुमारास हान्स आर्प या कलावंताने फाडलेले कागदी चौकोन वरून खाली सोडून ते पडतील तसे चिकटवल्याचं सांगितलं जातं, आणि ‘योगायोगाच्या नियमांनुसार’ असं त्या चित्राचं नावच आहे. चित्र नीट पाहिलं तर चौकोन फारच शहाण्यासारखे पडलेत; एकमेकांवर चढलेला जवळपास कुणी नाही. आर्पने बोट लावलं असणार, असं माझं मत. त्यात गैर काही नाही. तुकडे पडू द्यावेत, आणि मग काय खटकतं ते पाहून सरकवावेत. जे खटकतं तिथे तुमची आवड लपलेली असते.

प्रमाणाचा मामला मात्र थेट अर्थाशी येऊन भिडतो. बर्लिनच्या हाना ह्योख या चित्रकर्तीने १९१९ मध्ये एक मोठं फोटो-कोलाज केलं, ज्याच्या लांबलचक नावात स्वयंपाकघरातली सुरी आहे. ती एका प्रकाशनसंस्थेत बायकांच्या मासिकांसाठी भरतकामाचे आणि लेसचे नमुने काढायची नोकरी करत होती, त्यामुळे छापील चित्रांचा तुटवडा नव्हता. त्या कोलाजमध्ये पुढाऱ्यांची मोठाली डोकी नाचणाऱ्यांच्या आणि कसरतपटूंच्या चिमुकल्या धडांवर बसवली आहेत, मध्ये यंत्रांची चाकं. एक रेघही न ओढता सत्तेची टर उडवली, केवळ कुणाला मोठं आणि कुणाला लहान करायचं यातून. आपल्या जुन्या चित्रांत देव मोठा आणि पायाशी भक्त लहान असतो, तेव्हाही अंतराचा हिशोब नसतो, मानाचा असतो.

स्वयंपाकघराच्या कोलाजमध्ये हे करून पाहा. बाईच्या फोटोपेक्षा कुकर मोठा करा. मग उलट. मग दोघांना सारखं करून बाईला कोपऱ्यात आणि कुकरला मध्ये. चौथ्या वेळी बाई पूर्ण काढून टाका आणि तिच्या आकाराचं भोक ठेवा. प्रत्येक वेळी घराविषयी एक वेगळं विधान होतं, आणि त्यातलं एखादं तुम्हाला चावेल. तेच ठेवायचं.

खोली दाखवायची असेल तर एकावर एक चढवलं की पुरतं. वरचा तुकडा जवळचा, झाकलेला लांबचा. डेव्हिड हॉकनी या ब्रिटिश चित्रकाराने १९८२ पासून पोलरॉइड, म्हणजे कॅमेऱ्यातूनच छापून निघणारे, फोटो एकमेकांना लावून चित्रं केली, त्यात एकच खोली अनेक जागांवरून पाहिलेली असते. ओट्याचे असे फोटो वेगवेगळ्या उंचीवरून काढून, छापून, लावून पाहण्यात एक दुपार मजेत जाते.

अक्षरांचा त्रास

कोलाजमध्ये मथळा लावला की तो चित्र खाऊन टाकतो. साक्षर डोळ्याला अक्षर दिसलं की तो आधी वाचतो, पाहतो नंतर. म्हणून ‘आई’, ‘माया’, ‘चव’ असे शब्द कापून लावायचा मोह आवरा. तुकड्यांनी जे सांगायचं ते त्या शब्दांनी सांगून टाकलेलं असतं. पण अक्षरं सोडूनही देऊ नका. देवनागरीचा मजकूर उलटा धरा. शिरोरेषा खाली येते आणि ओळींच्या जागी समांतर आडव्या पट्ट्या दिसतात, त्यांना लोंबणाऱ्या नाही तर वर उठणाऱ्या गाठी. बारीक टायपातला मजकूर राखाडी होतो, जाड टायपातला काळा. पंचांगाचं पान, शेअरबाजाराचे आकडे, छोट्या जाहिराती, प्रत्येकाची वीण वेगळी. लय हा शब्द संगीतातून इकडे आलाय असं वाटतं, पण उलट्या पंचांगाचे पट्टे एकाआड एक ठेवून पाहा; डोळा ठेका धरतो.

अर्धं तोडलेलं अक्षरही कामाचं. कुर्ट श्विटर्स या जर्मन कलावंताने एका बँकेच्या जाहिरातीतल्या शब्दाचा ‘मर्झ’ एवढाच तुकडा कापून चित्रात लावला आणि मग आपल्या सगळ्या कामालाच ते निरर्थक नाव दिलं. तो ट्रामची तिकिटं, वेष्टनं, रस्त्यावर सापडलेले कपटे वापरायचा.

आता गोंद

मांडणी पसंत पडली की वरून सरळ एक फोटो काढून ठेवा, म्हणजे पंख्याच्या झोताने घोळ केला तरी पुन्हा लावता येईल. पाया जाड हवा, माउंट बोर्ड किंवा घट्ट पुठ्ठा. सगळ्यांत खालचे, मोठे तुकडे आधी. फेव्हिकॉल थोडं पाणी घालून ब्रशने पातळ, कडेपर्यंत लावा. मध्ये थेंब टाकून दाबलं की कडा उचलल्या जातात. कागद ओला झाला की फुगतो आणि वाळताना आक्रसतो, म्हणून सुरकुत्या पडतात आणि बोर्ड वाकतो. मध्यातून बाहेरच्या बाजूला सुती फडक्याने दाबत जा, आणि बोर्डाच्या मागच्या बाजूलाही एक साधा कागद चिकटवा, म्हणजे दोन्हीकडचा ताण सारखा होईल. वर प्लास्टिकचा कागद घालून रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवा. चकचकीत मासिकाच्या छोट्या तुकड्यांना ग्लू स्टिक बरी. कणकेची खळ स्वस्त आणि छान धरते, पण तिला झुरळं आणि कसर लागते. बाइंडर पूर्वी तिच्यात मोरचूद घालत ते त्यासाठी, मात्र ते विषारी असतं, घरात लहान मूल असेल तर नकोच.

वर्तमानपत्र उन्हात काही दिवसांत पिवळं पडतं. पिवळं होणं चालणार असेल तर मूळ लावा, नाहीतर झेरॉक्स. दुकानाच्या यंत्रातून येणाऱ्या पावत्यांवर शाई नसते, उष्णतेने काळा होणारा कागद असतो. तो वर्षभरात कोरा होऊ शकतो, आणि इस्त्री लागली तर सगळाच काळा. त्यांचीही झेरॉक्सच घ्या.

उरलेले तुकडे आणि सगळी भोकं छटेप्रमाणे तीन पाकिटांत टाका: गडद, मधली, उजळ. रंगाप्रमाणे लावू नका; पुढच्या वेळी रंग सहज सापडतो, हवी ती छटा सापडत नाही.